एचआयव्ही कार्यक्रमाच्या नोंदीत शब्दस्मृतीला जागा हवी

प्रति,
राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, नवी दिल्ली
आणि महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था, मुंबई

1 एप्रिल 2004 पासून एआरटी, म्हणजे विषाणूची वाढ रोखणारी औषधे, मोफत मिळू लागली आणि लाखो लोक जगले, हे निर्विवाद आहे. परंतु जगलेल्यांच्या मेंदूचे काय झाले, हा प्रश्न कार्यक्रमाच्या मुख्य उद्दिष्टांत आजही नाही. 95-95-95 या लक्ष्यात लागण ठाऊक असलेले, औषध घेणारे आणि विषाणू दबलेले एवढेच मोजले जातात. गोळी नेमाने घेणारा, पण बोलता बोलता शब्दासाठी अडणारा शिरपूर तालुक्यातील सालदार या तिन्ही मापांत यशस्वी ठरतो, आणि त्याची अडचण कोणाच्याच खाती पडत नाही.

हा विषाणू लागणीनंतर लवकरच संसर्गित पांढऱ्या पेशींबरोबर मेंदूत शिरतो, तेथील संरक्षक पेशींत ठाण मांडून दाह चालू ठेवतो आणि कपाळामागचा भाग व मेंदूच्या गाभ्यातील केंद्रके जोडणाऱ्या जाळ्याला त्याची झळ लागते. त्यामुळे अर्थांचा साठा बहुधा शाबूत राहतो, मात्र हवा तो शब्द त्यातून वेळेत काढणे जड जाते. एका मिनिटात जनावरांची नावे विचारली तर बैल, म्हैस, शेळी अशी यादी बऱ्यापैकी पुढे सरकते; माणसे करतात ती कामे विचारली की निंदणे, कोळपणे, वेचणे एवढ्यावर ती थांबू शकते, कारण क्रियापदांचा शोध या जाळ्यावर अधिक अवलंबून असतो.

हे दुर्मिळ नाही. अमेरिकेतील सहा केंद्रांत 1,555 बाधितांची तपासणी झाली; 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत 52 टक्के जणांच्या बौद्धिक चाचण्यांत घट आढळली, तीही बहुतेक जण औषधांवर असताना. तीव्र स्मृतिभ्रंश मात्र सुमारे 2 टक्के होता. म्हणजे उरलेली हानी सौम्य, सहज नजरेआड होणारी आहे. 2005 पासून उपलब्ध असलेली 12 गुणांची आंतरराष्ट्रीय चाचणी काही मिनिटांत होते: बोटांची जलद हालचाल, हाताच्या ठरावीक कृतींचा क्रम आणि चार शब्दांची आठवण. 10 किंवा त्याहून कमी गुण पडले तर पुढील तपासणी आवश्यक मानतात. सौम्य घट तिच्यातून निसटू शकते आणि भाषेची परीक्षा तीत जवळजवळ नाहीच; तरीही काहीच न मोजण्यापेक्षा ती बरी.

मराठी-हिंदी बोलणाऱ्या प्रौढांवरील पुण्यातील अभ्यास 2012 मध्ये प्रसिद्ध झाला आणि भाषेवरील पकडीनुसार चाचणीचे गुण बदलतात, हे त्याने दाखवले. मग घरी अहिराणी किंवा सातपुड्याच्या पाड्यावर पावरी बोलणाऱ्याला प्रमाण मराठीच्या मापाने तोलणे अन्यायाचे आहे. शब्द न सुचणे आणि औषध नेण्याची तारीख विसरणे याला निष्काळजीपणा म्हणून माणसाला दटावून परत पाठवणे, ही उपचारातली चूक आहे. नैराश्य, दारू, क्षयरोग आणि शिक्षणाचा अभाव यांमुळेही गुण घटतात. म्हणूनच तपासणी नीट व्हायला हवी, ती टाळण्याचे हे कारण नव्हे.

2021 ते 2026 साठी आखलेल्या कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यानंतरच्या आराखड्यात प्रत्येक एआरटी केंद्रात वर्षातून एकदा स्मृती व शब्दांची तपासणी बंधनकारक करावी, तिची मापे अहिराणी व पावरीत स्थानिक भाषकांकडून तयार करून घ्यावीत आणि घट आढळलेल्यांना औषधाच्या सूचना घरच्या भाषेत, चित्रांसह द्याव्यात, तसेच रुग्णाच्या संमतीने त्या सोबतच्या नातेवाइकालाही द्याव्यात.