सॉफ्टवेअर येतं, पण वस्तू दिसत नाही : साठ ब्रॅकेटनी मला शिकवलेली गोष्ट



मागच्या व्हिडिओखाली एका इंजिनिअरिंगच्या मुलाने विचारलं होतं, "सर, मला तीन डिझाइन सॉफ्टवेअर येतात. जॉबवर्कचा धंदा सुरू करायला एवढं पुरेल का?" व्हिडिओत मी दोन वाक्यांत उत्तर दिलं. पण ते अर्धवट होतं, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

आधी माझ्या नुकसानीची गोष्ट सांगतो.

तुम्हाला माहीत आहे, माझं नाशिकला शीट मेटलचं छोटं दुकान आहे. शिक्षण बीबीए. सुरुवातीच्या काळात एक ऑर्डर आली, साठ ब्रॅकेट, एका बाजूला फ्लँज वाकवलेला. ड्रॉइंग व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. माझ्याकडे नुकताच लागलेला एक मुलगा होता, मेकॅनिकलचा पदवीधर, कॉम्प्युटरवर हात एकदम साफ. त्याने तासाभरात थ्रीडी मॉडेल करून दाखवलं. स्क्रीनवर गोल गोल फिरवलं, चकचकीत दिसत होतं. मी म्हटलं, "मस्त, टाक लेझरला."

साठ पीस कापले, वाकवले, पावडर कोटिंग करून पोचवले. संध्याकाळी फोन आला. "शेठ, हे सगळे डावे आलेत हो. मला उजवे पाहिजे होते."

झालं काय होतं? आपल्याकडे कॉलेजात फर्स्ट अँगल पद्धतीने ड्रॉइंग शिकवतात. त्यात समोरच्या दृश्याच्या उजवीकडे जे दृश्य काढलेलं असतं, ते वस्तूकडे डावीकडून बघितल्यावर दिसणारं असतं. अमेरिकेत थर्ड अँगल चालतो. तिथे उजवीकडचं दृश्य म्हणजे उजवीकडूनच बघितलेलं. आमचं ड्रॉइंग थर्ड अँगलचं होतं. खाली कोपऱ्यात त्याची खूणही होती, कापलेला शंकू आणि एकात एक दोन वर्तुळं. ती ना त्याने बघितली, ना मी. त्यामुळे वस्तू आरशातल्यासारखी उलटी झाली. डाव्या पायाची चप्पल कितीही फिरवा, उजव्या पायात बसते का? वाकवायच्या आधी लक्षात आलं असतं तर कापलेला पत्रा पालथा करून वाकवता आला असता. वाकवल्यावर मात्र फक्त भंगार.

मी त्या मुलाला सगळ्यांसमोर बोललो. महिन्याभरात तो सोडून गेला. पैसे गेले ते पुढच्या दोन ऑर्डरमध्ये भरून निघाले, पण ते बोलणं आजही टोचतं. कारण मालक मी होतो. पत्र्याचा धंदा करतो आणि मला ड्रॉइंग वाचता येत नाही, ही चूक कुणाची? आणि त्याला तरी कॉलेजने काय दिलं होतं? बटणं कुठली दाबायची ते शिकवलं होतं. कागदावरच्या तीन सपाट चित्रांतून एक भरीव वस्तू डोक्यात उभी करायची सवय लावलीच नव्हती.

माझं मत स्पष्ट आहे. इंजिनिअरिंगच्या मुलांना आधी हाताने वस्तू बघायला आणि काढायला शिकवा, मग कॉम्प्युटरवर बसवा. क्रम उलटा झाला की मुलगा सुंदर चित्र काढतो आणि चुकीची वस्तू बनवतो.

"ही नजर जन्मजात असते हो, एखाद्याला असते, एखाद्याला नसते," असं बरेच जण म्हणतात. मीही म्हणायचो. पण ते खरं नाही. अमेरिकेत शेपर्ड आणि मेट्झलर या दोघांनी १९७१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवायच्या आणि विचारायचं, दोन्ही एकच आहेत की एक दुसरीचं आरशातलं रूप आहे? आकृती जितकी जास्त फिरवलेली, तितका उत्तराला वेळ जास्त. म्हणजे माणूस मनातल्या मनात वस्तू खरोखर फिरवून बघतो. वाचताना मी हसलो. माझे साठ ब्रॅकेट म्हणजे हाच प्रश्न होता.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची. मिशिगन टेकमध्ये शेरिल सॉर्बी नावाच्या प्राध्यापिका होत्या. बाकी विषयांत हुशार, पण विद्यार्थिनी असताना ग्राफिक्स हा विषय त्यांना स्वतःला फार जड गेला होता. त्यांनी सहकाऱ्यांसोबत १९९३ पासून पहिल्या वर्षाच्या मुलांची वस्तू मनात फिरवण्याची चाचणी घेतली आणि ज्यांना कमी गुण पडले त्यांच्यासाठी वेगळा कोर्स काढला. कोर्समध्ये काय होतं? जोडायचे ठोकळे, ठिपक्यांचा कागद, पेन्सिल. ठोकळ्यांची रचना करा, वेगवेगळ्या बाजूंनी काढा, फिरवून काढा, कापली तर आत काय दिसेल ते काढा, डबा उलगडला तर सपाट पत्रा कसा दिसेल ते काढा. मुलांचे गुण वाढले, पुढच्या विषयांतही फरक पडला. चाचणीत मागे पडणाऱ्यांत मुलींचं प्रमाण जास्त होतं आणि या कोर्सचा त्यांना चांगला उपयोग झाला. पुढे २०१३ मध्ये दोनशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासले गेले, त्यातूनही हेच निघालं की ही नजर सरावाने तयार होते आणि टिकते.

हा ठिपक्यांचा कागद बघितल्यावर मला आमच्या दारातली रांगोळी आठवली. आणि आई. आई ब्लाउज शिवायची. शिवणकाम शिकणाऱ्या बायकांची एक ठरलेली चूक असते, दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या जातात. म्हणून आई कापड दुमडून दोन्ही एकदम कापायची, म्हणजे आपोआप एक डावी, एक उजवी. सपाट कापडातून गोल अंगाला बसणारी वस्तू काढणं हे तेच कौशल्य आहे. माझ्या घरात ते होतं, मला कधी दिसलंच नाही. त्यामुळे "मुलींना मशीनचं जमत नाही" असं कुणी माझ्या दुकानात म्हणालं तर मी आता ऐकून घेत नाही.

तुम्ही म्हणाल, सर, आता सॉफ्टवेअर सगळं दाखवतं, डोक्याला ताण कशाला? अहो, सॉफ्टवेअर तेच दाखवतं जे तुम्ही त्याला सांगता. आमच्या सॉफ्टवेअरनेही बरोबर दाखवलं होतं, उलटा ब्रॅकेट! चूक पकडायला माणसाच्या डोक्यात खरी वस्तू आधी असावी लागते. मी सॉफ्टवेअरच्या विरोधात नाही, माझं दुकान त्यावरच चालतं. एआयसीटीईच्या २०१८ च्या मॉडेल अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ग्राफिक्स अँड डिझाइन हा विषय आहे, त्यात कॉम्प्युटरवरचं ड्रॉइंगही आहे. चांगलंच आहे. पण पाठ्यपुस्तकातली शीट मित्राच्या शीटवरून उतरवून सही घ्यायची, ही जुनी पद्धतही मला मान्य नाही. ती नक्कल झाली, ड्रॉइंग नाही.

कॉलेजांना माझी विनंती तीनच गोष्टींची आहे. एक, पहिल्याच आठवड्यात चाचणी घ्या आणि मागे असलेल्या मुलांना नापास करण्याआधी सराव द्या. दोन, प्रत्येक मुलाच्या हातात खरी वस्तू द्या, ती मोजून त्याला काढू द्या. तीन, एकदा तरी त्याच्या ड्रॉइंगवरून दुसऱ्या मुलाला वस्तू बनवायला लावा. आपलं ड्रॉइंग कुठे अडतं ते तेव्हाच कळतं.

आणि कॉलेज बदलेपर्यंत तुम्ही थांबू नका. फर्निचर, फॅब्रिकेशन, पॅकेजिंग, शिवणकाम, काहीही करणार असाल तर महिनाभर रोज पंधरा मिनिटं द्या :

पहिला आठवडा : काडेपेटी, डबा, स्टूल घ्या. समोरून, वरून, बाजूने, अशी तीन दृश्यं काढा.

दुसरा आठवडा : कपडे धुण्याच्या साबणाची वडी घ्या. आधी कागदावर काढा, मग सुरीने तशीच कापा. जुळतंय का बघा.

तिसरा आठवडा : औषधाचं किंवा मिठाईचं खोकं उलगडा. पण उलगडण्याआधी अंदाजाने त्याचा सपाट आकार काढून ठेवा.

चौथा आठवडा : ठिपक्यांच्या कागदावर त्याच वस्तू तिरप्या काढा, एकदा सरळ आणि एकदा आरशातल्यासारख्या.

मी हे तिशी ओलांडल्यावर केलं. आज गिऱ्हाइकाच्या घरी रॅकचं माप घ्यायला गेलो की तिथेच वहीवर तिरपं चित्र काढून दाखवतो. गिऱ्हाईक बोट ठेवून म्हणतं, "हा कप्पा जरा वर घ्या." तिथल्या तिथे बदल होतो, नंतरचा वाद वाचतो. हा फायदा मला कुठल्याच महागड्या सॉफ्टवेअरने दिलेला नाही.

आता दुकानात नवीन मुलगा किंवा मुलगी आली की पहिल्या दिवशी कॉम्प्युटर नाही. साबणाची वडी, सुरी आणि कागद. आणि भिंतीवर त्या साठपैकी एक ब्रॅकेट टांगलेला आहे. कुणी विचारलं तर चूक त्या मुलाची होती असं मी सांगत नाही. माझी होती असं सांगतो.

तुमच्या धंद्यात उलटसुलट होऊन वाया गेलेली वस्तू कुठली? कमेंटमध्ये लिहा. लाजू नका, सुरुवात मी केली आहे.

भेटू पुढच्या व्हिडिओत.