भाषेचा प्रकल्प : चिकटवलेला किती, लिहिलेला किती?

पिंपळगाव राजा (ता. खामगाव) : सत्र संपत आलं की गावोगावच्या झेरॉक्सच्या दुकानांत सहावी-सातवीच्या पोरांची गर्दी होते. 'मराठीचा प्रकल्प' हवा असतो. विषय ठरलेले: संत, सण, पक्षी, आवडता लेखक. चित्रं छापून मिळतात, माहिती मोबाईलवरून उतरवून मिळते, वरून रंगीत कागद लागला की फाईल तयार. बाप वीस-पन्नास रुपये देतो, सर सही करतात, गुण पडतात. पोरानं स्वतः लिहिलेलं त्यात काय, तर फाईलवरचं नाव आणि हजेरी क्रमांक.

हे कोण्या एका शाळेचं नाही. खामगावात हेच, मोताळ्यात हेच, शहरातही हेच. फरक एवढाच की शहरातल्या पोराच्या घरी पुस्तकं असतात, शिकवणी असते, चूक काढणारं कोणीतरी असतं. आपल्याकडं लिहायला शिकवणारी जागा एकच, ती म्हणजे शाळा. ती जागा कात्री आणि डिंकात गेली, तर पोरगं दुसरीकडं कुठं शिकणार?

नियमाचं पाहिलं तर प्रकल्प ही चांगली गोष्ट आहे. २०१० मध्ये राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्यात लेखी परीक्षेसोबत तोंडी काम, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय अशी साधनं धरली. सहावीला आकारिक मूल्यमापनाला निम्मा भार, सातवीला शंभरातला चाळीस. (पाचवी-आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा परत आली, तो वेगळा विषय.) म्हणजे सातवीच्या पोराच्या मराठीतला एवढा मोठा हिस्सा वर्गातल्या शिक्षकाच्या हातात आहे. त्यात काय लिहून घ्यायचं हे ठरवायला मुंबईची परवानगी लागत नाही, पुण्याचं परिपत्रक लागत नाही.

पण झालं असं की साधन राहिलं आणि काम गेलं. फाईल तपासणीला दाखवायची वस्तू झाली. जाड फाईल म्हणजे हुशार पोरगा.

याचा फटका दहावीत बसतो. मराठी कुमारभारतीच्या ८० गुणांच्या कृतिपत्रिकेत उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत. पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा, निबंध. सहावी ते आठवी ज्यानं एक परिच्छेद स्वतःच्या मनानं लिहिला नाही, तो इथं गाईडमधला निबंध पाठ करून येतो आणि विषय थोडा फिरला की अडकतो. शाळेनंतरही हेच. नुकसानीचा अर्ज दुसऱ्याकडून लिहून घ्यायचा, पंचनाम्यावर न वाचता सही करायची, ग्रामसभेचा ठराव कोणी कसा लिहिला ते विचारायचं नाही. लिहिता न येणारा माणूस रांगेत नेहमी दुसऱ्याच्या तोंडाकडं पाहत उभा असतो.

सरकारनं काही केलं नाही असंही नाही. दप्तराचं ओझं कमी व्हावं आणि पोरांनी आपलं काही टिपावं म्हणून २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांतच कोरी पानं घातली गेली. त्या पानांना नाव दिलं 'माझी नोंद'. नाव खरंच चांगलं होतं. पण त्या पानावर पोरांनी नेमकं काय करायचं, हे वर्गापर्यंत नीट पोचलंच नाही. पोरं वह्या घेऊन येतच राहिली आणि २०२५ मध्ये ती पानं बंद झाली. त्याच २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेवरून राज्य पेटलं, आदेश निघाले, जूनअखेर मागं घेतले गेले. त्याआधी ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला होता, पेढे वाटून झाले होते. तिसरी भाषा केव्हा शिकवायची यावर एवढी चर्चा झाली. पहिल्या भाषेत सातवीच्या पोराला दहा ओळी मनानं लिहिता येतात का, हे मात्र कोणी विचारलं नाही.

आता वऱ्हाडीचा मुद्दा, कारण गाडी खरी इथंच अडते. पोरगं घरी बोलतं तसं लिहितं. 'माय वावरात गेली व्हती. मले मने ढोरायले पाणी पाज.' यावर लाल पेनानं चार गोल पडतात. 'व्हती' चूक, 'मले' चूक, 'वावर' खोडून 'शेत'. प्रमाण मराठी शिकवायलाच पाहिजे, परीक्षा त्यातच आहे, यात वाद नाही. पण पहिल्याच ओळीला गोल पडला की पोरगं दुसरी ओळ लिहीत नाही, फाईलमध्ये चित्रं चिकटवतं. ते सोपं असतं, त्यात चूक निघत नाही.

फलटणमध्ये मॅक्सिन बर्नसन यांनी हा प्रश्न फार आधी ओळखला. अमेरिकेतून आलेल्या या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी फलटणच्या लोकांच्या बोलण्याचाच अभ्यास केला, आणि पुढं कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी केली. पोराची घरची बोली वर्गात येऊ द्यायची आणि तिथून प्रमाण भाषेकडं न्यायचं, ही त्यांची वाट. बाहेरून आलेल्या बाईंना जे दिसलं, ते आपल्याला आपल्या घरात दिसू नये, याचं नवल वाटतं.

आणि वऱ्हाडीला कमी लेखण्याचं कारण तरी काय? मराठीतला आद्य गद्य ग्रंथ मानलं जाणारं 'लीळाचरित्र' तेराव्या शतकात याच वऱ्हाडात, रिद्धपूरला लिहिलं गेलं. आज तिथं मराठी भाषा विद्यापीठ आहे. उद्धव शेळक्यांची 'धग' वऱ्हाडी बोलीशिवाय उभीच राहिली नसती. खामगावच्या पुरुषोत्तम बोरकरांनी 'मेड इन इंडिया' कादंबरी वऱ्हाडीत लिहून राज्याला वाचायला लावली. तालुक्याच्याच लेखकाची भाषा तालुक्याच्या वहीत चूक ठरते.

शाळकरी वयात काय लिहिता येतं याचा दाखला हवा असेल तर १८५५ साल पाहा. पुण्यात जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. वय साधारण चौदा. आजच्या हिशोबानं आठवी-नववी. 'ज्ञानोदय'नं तो दोन भागांत छापला. तिला विषय 'माझा आवडता पक्षी' दिला असता तर तो निबंध झाला नसता. तिनं आपल्या लोकांवर काय गुदरलं ते लिहिलं आणि धर्माला सरळ प्रश्न विचारले.

दुसरा दाखला तर आपल्याच जिल्ह्यातला. बुलडाण्याच्या ताराबाई शिंदे. वडील सरकारी कचेरीत नोकरीला, ताराबाईंचं शिक्षण घरीच झालं. सुरतेकडच्या एका विधवेला शिक्षा झाल्यावर वर्तमानपत्रांतून बायकांना दोष देणं सुरू झालं, त्याला उत्तर म्हणून त्यांनी 'स्त्री पुरुष तुलना' लिहिलं. १८८२ मध्ये ते पुण्यात छापलं गेलं. जिल्ह्यातल्या किती सातवीच्या पोरींना हे नाव माहीत आहे?

मग प्रकल्प कशाचा करायचा? जिल्ह्यात 'राजा' नावाची तीन गावं ठळक आहेत: सिंदखेड राजा, देऊळगाव राजा आणि पिंपळगाव राजा. आपल्या गावाच्या नावात राजा कुठून आला, हे पोरांनी पाच वेगवेगळ्या माणसांना विचारावं. पारावरच्या बुढ्याला, किराणा दुकानदाराला, आजीला, मशिदीजवळच्या चाचांना, ग्रामपंचायतीत. पाच उत्तरं येतील. कोण काय म्हणालं ते ज्याच्या त्याच्या शब्दांत लिहायचं, मग आपल्याला कोणतं पटतं आणि का, ते प्रमाण मराठीत लिहायचं. मुलाखत झाली, बातमी झाली, बोली आणि प्रमाण दोन्ही झालं. खर्च शून्य.

शब्दांचंही तसंच आहे. तिफन, वखर, डवरा, धुरा, सीतादई, उलंगवाडी. ट्रॅक्टर आला, पऱ्हाटीच्या जागी सोयाबीन आलं, आणि यातले निम्मे शब्द आजच्या पोराला आजोबाला विचारावे लागतात. विचारू दे. प्रत्येक शब्दामागं एक प्रसंग लिहू दे. उर्दू शाळेतल्या पोरांना तर हाच प्रकल्प दोन भाषांत करता येईल, त्यांच्याकडं माल जास्त आहे. मोबाईलला सांगितलं तर तो आता पूर्ण निबंध लिहून देतो. पण आपल्या आजीची शेवटची उलंगवाडी कशी झाली, हे त्याला माहीत नाही.

वाचायला काही नाही ही सबबही पूर्ण खरी नाही. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं, जुने अंक संकेतस्थळावर फुकट आहेत. वाचलेल्या पुस्तकावर पोरांनी लिहावं म्हणून राज्यानं 'महावाचन उत्सव'ही केला. फक्त तिथंही लिहून घेण्यापेक्षा अपलोड करण्याची घाई जास्त झाली.

शिक्षकांची अडचण खोटी नाही. शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीला भाषेसाठी शिक्षक धरला आहे, पण लहान गावात एकच माणूस दोन-तीन वर्ग, ऑनलाईन माहिती आणि मतदार यादी सांभाळतो. चिकटवलेली फाईल दोन मिनिटांत तपासून होते. पस्तीस पोरांनी मनानं लिहिलेलं वाचायला दोन संध्याकाळी जातात, आणि त्या दोन संध्याकाळींची नोंद कोणत्याच पोर्टलवर होत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत निम्मा वर्ग वावरात असतो, ते वेगळंच.

तरी एक गोष्ट पालकांच्या हातात आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. बैठकीत छपराचं, खिचडीचं, रंगकामाचं बोलणं होतं, ते व्हायलाच पाहिजे. दिवाळीनंतर दुसरं सत्र सुरू होईल, तेव्हा नवे प्रकल्प दिले जातील. त्याआधीच्या बैठकीत पहिल्या सत्राच्या दहा फाईली टेबलावर मागवता येतात. पोरानं स्वतः लिहिलेली पानं त्यात किती, हे मोजायला अंगठेबहाद्दर बापालाही जमतं.