सातवा खंड

मराठीच्या प्राध्यापकाच्या मुलाला मराठीच्या चाचणीत पंचवीसांपैकी नऊ गुण मिळाले, ही बातमी बापाच्या कॉलेजातल्या स्टाफरूमपर्यंत पोहोचायला किती वेळ लागत असेल? आमच्या बाबतीत एक मधली सुट्टी पुरली. दुपारच्या चहाला आमचे रसायनशास्त्राचे सहकारी माझ्याकडे ज्या करुणेने पाहत होते, तसे लोक सहसा मसणवटीतून परतलेल्या माणसाकडे पाहतात.

गुन्हेगार हुडकायला मला फारसे कष्ट पडले नाहीत. चिरंजीवांच्या अंथरुणातच, चादरीच्या घडीत, तो सापडला. सातशेवर पानांचा, पाट्यासारखा जड ग्रंथ! आत सगळी चित्रे. मुखपृष्ठावर दंडाच्या बेटकुळ्या फुगवलेला एक उघडाबंब दांडगा इसम, हाती तलवार. पायाशी काय पडले होते ते मला नीट ओळखता आले नाही. बहुधा सर्प असावा. कॉनन नावाच्या भटक्या रानटी वीराच्या चित्रकथांचा हा संग्रह अमेरिकेतल्या काकाने पुतण्याला वाढदिवसाची भेट म्हणून धाडला होता. काकाचे काय जाते? प्रगतिपुस्तकावर सही त्याला थोडीच करायची होती! मी ग्रंथ जप्त केला, कपाटावर जुन्या बॅगेच्या मागे टाकला आणि हात झटकले.

दिवाळीला आम्ही तेरला गेलो. तेर हे माझे आजोळ. आई सत्तरीला आली, तरी भाऊबीजेला भावाच्या दारी जाऊनच ओवाळायचे, हा तिचा नेम चुकलेला नाही. धाराशिव जिल्ह्यातले, तेरणेच्या काठचे हे गाव आपल्यापैकी पुष्कळांना गोरोबाकाकांचे गाव म्हणून ठाऊक असेल. त्याच्याही आधीचे त्याचे नाव तगर. दोन हजार वर्षांपूर्वी कुणा ग्रीक व्यापाऱ्याने लिहून ठेवले आहे, की पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे शहर आहे आणि इथले कापड गाड्यांवर लादून भडोच बंदरात येते. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जमवलेल्या वस्तूंचे आता सरकारी वस्तुसंग्रहालय झाले आहे. तिथली हस्तिदंती बाहुली अवश्य पाहावी. तिच्या नात्यातली दुसरी एक १९३८ साली इटलीत, ज्वालामुखीच्या राखेत गडप झालेल्या पॉम्पेई शहरात सापडली.

पण लहानपणी मला या वैभवाची मुळीच पर्वा नव्हती. माझे तेर म्हणजे मामांची ट्रंक.

मामा प्राथमिक शाळेत मास्तर होते. महिन्याकाठी कधीतरी बारक्या गाडीने, म्हणजे त्या वेळच्या बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवरून, कुर्डुवाडीला जायचे आणि स्टेशनवरून पुस्तके घेऊन यायचे. मराठी ‘चांदोबा’ १९५२ पासून निघत होता. त्यातले मांत्रिक, राक्षस, पाताळातले किल्ले आणि तलवार उपसून निघालेले राजपुत्र मामांनी सोडले नव्हते. १९६४ साली ‘इंद्रजाल कॉमिक्स’ निघाले. त्यातून आफ्रिकेच्या जंगलातला बुरखेधारी वेताळ मराठी बोलू लागला. मामांनी तोही घरात घेतला. बारा अंक झाले, की कणकेच्या खळीत मोरचूद घालून ते स्वतः बांधणी करीत. वर पुठ्ठा, त्यावर जुन्या किंतानाचा तुकडा आणि कण्यावर लाल शाईने आकडा. असे चौदा खंड होते. ‘होते’ म्हणतो, कारण १९९१च्या मे महिन्यात त्यातला सातवा खंड नाहीसा झाला. तो कसा नाहीसा झाला हे जगात एकाच माणसाला ठाऊक होते आणि तो माणूस पुढे मराठीचा प्राध्यापक झाला.

अकरा वर्षांचा होतो मी. वेताळ भुयारात अडकला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमची गाडी होती. मागितला असता तर मामांनी दिलाही असता. पण मागायला धीर लागतो, चोरायला तेवढा लागत नाही. कपड्यांच्या तळाशी घालून मी तो पुण्याला आणला. वेताळ भुयारातून सुटला, मीही सुटलो असे समजत होतो. दोन महिन्यांनी माझे गणिताचे गुण पाहून वडिलांनी तो खंड रद्दीत घातला. तागडीवर तो वर्तमानपत्रांच्या वर ठेवलेला मी पाहिला. तोंडातून शब्द काढणार कसा? चोरीचा माल चोरीला गेला, तर फिर्याद कुठे करायची!

असो. तर भाऊबीजेच्या आदल्या दिवशी आम्ही पोहोचलो, मामींनी चहा टाकला, आणि बॅग उघडून फराळाचे डबे बाहेर काढता काढता शंकरपाळ्याच्या डब्याखाली कॉनन निघाला. तलवारीसकट!

मी ओसरीवरच सुरू झालो. परीक्षा, शिस्त, विश्वासघात असे सगळे मुद्दे घेतले. मुलगा मान खाली घालून उभा. शेवटी मी म्हणालो, “आणि आहे काय त्यात? पानापानावर हात तुटतायत, पाय तुटतायत! तेरा वर्षांच्या मुलानं वाचायचं हे?”

मामी आतून बाहेर आल्या. “आरं, लेकरू एवढ्या लांबून आलंय, त्याला बसू तर दे. आन् हात तुटल्याचं काय सांगायलास? तू पाच वर्सांचा होतास तवा रोज रातच्याला गोरोबाकाकाची गोष्ट मागायचास. लेकरू चिखलात तुडवलं, मग हात तोडून घेतले. ‘मामी, कशानं तोडले? रगत किती आलं?’ मीच सांगायची ना तुला?”

यावर मराठी वाङ्मयाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात उत्तर नाही. मी चहा प्यालो.

मामा तोवर गप्प होते. त्यांचे आता पंचाहत्तरावे. एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याचा मोतीबिंदू अजून काढायचा आहे. बारीक अक्षर लागत नाही. ते म्हणाले, “इकडं आण बघू.” मुलाने ग्रंथ त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी तो उघडला नाही. आधी कण्यावरून बोट फिरवले, शिवण चाचपली, पान नाकाशी नेले. “बांधणी चांगली आहे,” ते म्हणाले. “कोण आहे हा गडी?”

संध्याकाळी पणत्या लावून झाल्यावर ओसरीवर वाचन सुरू झाले. वाचन कसले, कसरतच ती! मुलगा इंग्रजी फुगे मनात वाचायचा, चित्र पाहायचा आणि मराठीत सांगायचा. मी आत पाटावर बसून, कान न दिल्यासारखे करीत, दुसऱ्या दिवशीचे नारळ सोलत होतो.

“त्याचा देव कोणता?” मामांनी विचारले.

“क्रॉम. तो डोंगरावर बसतो. कुणाचं ऐकत नाही. जन्माच्या वेळी ताकद देतो, बास. नंतर हाक मारली तर उलट चिडतो.”

“मग त्याला देव कशाला म्हणायचं?” मामी वाती वळता वळता म्हणाल्या. “आमचा इठोबा बघ. काकाचे हात गेले तर सोता कुंभार होऊन आला, मडकी घडवली.”

मग हत्तीच्या मनोऱ्याची गोष्ट निघाली. वाचकांपैकी कुणाच्या घरी हा ग्रंथ असेल तर त्यांनी ती जरूर पाहावी. पोरसवदा कॉनन चोर असतो. एका मांत्रिकाच्या उंच, चकाकत्या मनोऱ्यात रत्न आहे असे त्याच्या कानावर येते. एका नामांकित चोराबरोबर तो बागेतले सिंह मारून वर चढतो. सोबती विषारी कोळ्याच्या दंशाने मरतो. एका दालनात त्याला मूर्ती दिसते: हिरवी काया, डोके हत्तीचे.

“गणपती!” मामी म्हणाल्या.

“नाही गं मामीआजी, ऐक तर. ती मूर्ती नसतेच. ती जिवंत असते. आणि तिला डोळे नसतात. सोंड पुढे करून ती चाचपते, कोण आलंय ते.”

ओसरीवर कुणी बोलेना. आत माझा हात नारळावर थांबला.

मुलगा सांगत राहिला. तो प्राणी दूरच्या ताऱ्यावरून आलेला. एके काळी लोक त्याला देव मानून पूजत. मांत्रिक विद्या शिकायला आला, त्याने सगळी शिकून घेतली आणि गुरूलाच डांबले, त्याचे डोळे काढले, हालहाल केले. कॉनन तलवार घेऊन उभा असतो, पण त्याला भीती वाटत नाही, वाटते ती लाज. माणसाच्या जातीची लाज. तो प्राणी त्याला म्हणतो, माझे काळीज काढ, त्याचे रक्त त्या रत्नावर पीळ आणि ते रत्न खाली मांत्रिकाला नेऊन दे. कॉनन तसे करतो. मांत्रिक लहान लहान होत रत्नात ओढला जातो, मनोरा कोसळतो आणि चोर रिकाम्या हातांनी पहाटेच्या अंधारात निघून जातो.

“रत्न?” मामांनी विचारले.

“गेलं.”

“बरं झालं,” मामा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, “तू ‘ब्लाइंड’ ‘ब्लाइंड’ काय करत होतास मगाशी? आंधळा म्हण. मला राग यायचा नाही.”

त्या रात्री सगळे झोपल्यावर मी तो ग्रंथ घेऊन बसलो. शत्रूची माहिती काढावी, एवढाच हेतू. कॉननचा कर्ता रॉबर्ट हॉवर्ड हा टेक्सासमधल्या एका आडगावात राहणारा. वीर जन्माला आला तोही नाकारल्या गेलेल्या एका जुन्या कथेतून. ती नव्याने लिहून हॉवर्डने १९३२च्या डिसेंबरात एका स्वस्त मासिकात छापून आणली. १९३६ साली, तिसाव्या वर्षी, त्याने स्वतःच आपले आयुष्य संपवले. चित्रकथा पुष्कळ नंतरच्या, १९७० पासूनच्या. रॉय थॉमस हा लेखक. ज्या चित्रकाराकडून चित्रे काढून घ्यायची होती त्याचा दर परवडेना, म्हणून बॅरी स्मिथ या एकवीस वर्षांच्या इंग्रज पोराला काम मिळाले; आणि पोराने नक्षीकाम असे केले आहे, की एकेका चौकटीवर पाच मिनिटे डोळा ठरावा. एक शोध मला फारच सुखावून गेला. हॉवर्डच्या काल्पनिक जगात ‘वेंध्या’ नावाचा देश आहे, तिथे क्षत्रिय आहेत, राजधानी अयोध्या, आणि राणीचे नाव चक्क यास्मिना देवी! विंध्य पर्वत त्या बिचाऱ्याने कुठल्या नकाशात पाहिला असेल कोण जाणे. दिवा मालवला तेव्हा दोन वाजून गेले होते.

भाऊबीजेला सकाळी मुलगा मामांबरोबर त्रिविक्रमाच्या देवळाकडे जाऊन आला. ते जुने, विटांचे, मागच्या बाजूने हत्तीच्या पाठीसारखे गोल देऊळ पाहून त्याला भलताच आनंद झाला होता. कॉनन अशाच पडक्या शहरांतून हिंडतो, म्हणाला. ओवाळणे झाले आणि मामांनी ट्रंक बाहेर ओढायला सांगितली.

मला वाटले, आपण अंगणात जावे. गेलो नाही. मुलगा खंड एकामागून एक काढून जमिनीवर मांडू लागला. पाच, सहा, आठ.

“मामाआजोबा, सातवा कुठंय?”

मामांनी काढणी न झालेल्या डोळ्याचा चष्मा पुसला. “ते तुझ्या बापाला विचार.”

तेहतीस वर्षे! आई माझ्याकडे पाहू लागली, बायको पाहू लागली. मुलाच्या चेहऱ्यावर जे उजाडत होते त्याचे वर्णन मी करत नाही. मी सगळे सांगितले. भुयार, कपड्यांचा तळ, तागडी, सगळे.

“मामा, तुम्हाला कधी कळलं?”

“तुम्ही गेलात त्याच दिवशी. ट्रंक लावायला घेतली, जागा मोकळी.”

“मग विचारलं का नाही?”

“विचारलं असतं तर तू खोटं बोलला असतास,” मामा म्हणाले. “मग मे महिन्यात इकडं यायला लाजला असतास. पुस्तक काय, पुन्हा कुर्डुवाडीला मिळालं असतं.” मग जरा थांबून, “मिळालं नाही, ते सोड.”

वडील आता नाहीत. आई एवढेच म्हणाली, “मला सांगितलं असतं, तर रद्दीवाल्याकडून परत आणला असता रे.” तेवढ्यावर विषय संपला, निदान मोठ्यांचा. परतीच्या वाटेवर मुलगा येडशी येईपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, “बाबा, कॉनन कपाटावर जाणार का?” मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

मामांनी ग्रंथ ठेवून घ्यावा असे माझ्या मनात आले होते, मी तसे म्हणालोही. दोघांनीही मोडता घातला. मामांना वाचता येत नाही आणि मुलाचा अजून अर्धा व्हायचा आहे! तेव्हा तह असा ठरला, की रात्री नऊ वाजता अभ्यास संपला की फोन लावायचा. तो अजून चालू आहे. चिरंजीव फोन टेबलावर ठेवून मोठ्याने सांगत असतात, पलीकडून मामींचे “मग?” ऐकू येते. मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत असतो.

परवा तिथूनच हाक आली. “बाबा, डंजनला मराठीत काय म्हणायचं?”

मी पेन न थांबवता म्हणालो, “तळघर.”

फोनमधून, तेरहून, मामांचा आवाज आला: “तळघर नव्हे रे! अंधारकोठडी!”