सणाची तिथी, हंगामाची तारीख

सण म्हणजे आधी कामातली उसंत आणि मग पूजा, असे म्हटले की श्रद्धाळू मनाला ते खटकते. पण आपल्या पंचांगाची घडणच त्याला साक्ष आहे. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, सौर वर्ष ३६५ दिवसांचे. हा अकरा दिवसांचा फरक साचू दिला असता तर दिवाळी कधी ऐन उन्हाळ्यात आली असती आणि पोळा कडाक्याच्या थंडीत. तसे होऊ नये म्हणूनच साधारण ३२-३३ महिन्यांनी अधिक महिना घातला जातो. हिजरी कालगणनेत तो नाही, त्यामुळे मोहरम सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. पंचांगकर्त्यांनी तिथीचे पावित्र्य जपले, पण ऋतूशी असलेला सांधा सुटणार नाही याचीही काळजी घेतली. बैलांचा सण तर सगळ्या महाराष्ट्रात एका दिवशी होतच नाही. सातारा-कोल्हापूरकडे आषाढात बेंदूर, विदर्भ-मराठवाड्यात श्रावणी अमावास्येचा पोळा, आणि आपल्या पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत भाद्रपदी पोळा. पोथीच सर्वेसर्वा असती तर एवढी तफावत पडली नसती. जिथे बैलाच्या खांद्यावरचे जू ज्या सुमारास उतरते, तिथे त्या सुमारास त्याची पूजा.

किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेचेही असेच. खवळलेला दर्या शांत होऊ लागतो, होड्या पाण्यात लोटायचे दिवस येतात, तेव्हा कोळीवाडे समुद्राला नारळ वाहतात. आता मात्र मासेमारीबंदी सरकारी आदेशाने १ जून ते ३१ जुलै अशी ठरते आणि पौर्णिमा आपल्या गतीने येते. २०२३ साली श्रावण अधिक होता, नारळी पौर्णिमा थेट ३० ऑगस्टला आली. कायद्याने दर्या महिनाभर आधीच मोकळा झाला होता. म्हणून कोळ्यांनी सण सोडला का? नाही. पण वर्षाचे काम कधी सुरू व्हायचे, हे सांगण्याचा नारळाचा मान गेला.

कळस, निमगाव केतकी, अंथुर्णे हा आपला इंदापूरकडचा मुलूख समुद्रापासून दूर, अवर्षणाचा, मूळचा रब्बी ज्वारीचा. इथले जुने वर्ष त्या ज्वारीभोवती फिरे. घटाच्या मातीत धान्य उगवून येते ते रब्बीच्या पेरणीच्या दिवसांत, आणि गावोगावच्या जत्रा भरतात त्या सुगी घरात आल्यावर. मग नीरेचा कालवा आला, वालचंदनगर उभे राहिले, भवानीनगरचा छत्रपती कारखाना झाला, भीमेवर उजनी झाले. पाणी पोचले तिथे ऊस शिरला आणि उसाने पंचांगच बदलले. आडसाली ऊस तर सोळा-अठरा महिने रानात उभा. त्याच्या एका आयुष्यात काही सण दोनदा येऊन जातात. डाळिंबवाल्याची गंमत आणखी निराळी. बागेला ताण द्यायचा आणि आंबे, मृग किंवा हस्त यांपैकी हवा तो बहर धरायचा. नक्षत्राचे नाव राहिले, निवड शेतकऱ्याच्या हाती आली.

यावरून ‘सण आता पोकळ झाले’ असा निष्कर्ष काढण्याची घाई अनेकांना असते. मला ते पटत नाही. दसऱ्याच्या सुमारास साखर कारखान्यात होणारे बॉयलरचे अग्निप्रदीपन, गव्हाणीत पहिली मोळी टाकण्याचा समारंभ, दिवाळीच्या तोंडावर सभासदांना मिळणारी साखर आणि हप्ता या सगळ्यांत सण अजून कामालाच बांधलेला आहे. फक्त दावे दुसऱ्याच्या हाती गेले आहे. पूर्वी पाऊस ठरवी, आता गाळप कधी सुरू करायचे ते मुंबईत मंत्रिसमिती ठरवते. बदलाचे भय बाळगणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की सार्वजनिक गणेशोत्सवाला टिळकांनी बळ दिले ते १८९३पासून, आणि दिवाळी अंकाची चाल काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मनोरंजन’ने पाडली ती १९०९ साली. ज्याला आपण परंपरा म्हणून कवटाळतो त्यातले बरेचसे पणजोबांच्या काळातले नवे खूळ होते. दिवाळी अंकही त्यातच आला.

खरा आक्षेप वेगळा आहे. जुन्या गावात तरी सणाची उसंत सर्वांना होती का? नव्हती. बलुतेदारांना सणासुदीलाच जास्त राबावे लागे, आणि बायकांच्या वाट्याला तर तेव्हा काय, आता काय, चकलीचा सोऱ्या आणि पुरणाचा पाटाच. तेव्हा जुन्या सणांच्या आठवणीने गहिवरण्याचे कारण नाही. पण त्या विषमतेकडे बोट दाखवताना आजची विषमता दिसेनाशी होऊ नये. बागायतदाराच्या दिवाळीला हप्ता येतो. तोच ऊस तोडायला बीडकडून येणाऱ्या जोडप्याची दिवाळी उचल फेडण्याच्या हिशेबात अडकते, आणि संक्रांत तर फडाच्या कडेला कोपीतच होते. २०२३मध्ये गाळपाला परवानगी १ नोव्हेंबरपासून होती आणि लक्ष्मीपूजन होते १२ तारखेला. ऊसतोडीची टोळी वेळेवर हवी तर तिची दिवाळी फडात. ती घरी व्हावी तर हंगाम लांबतो. पुष्कळ टोळ्या दिवाळी उरकूनच गाव सोडतात, म्हणजे त्यांनी आपली सुट्टी कुणी न देता आपणच राखली आहे. अडचण आहे ती मुकादमाच्या तगाद्यापुढे तेवढेही न जमणाऱ्यांची.

कारखानदार म्हणतील, उशीर झाला तर सीमेवरचा ऊस कर्नाटकात जातो, पुढे उन्हात तोड लांबते. सीमेपुरते हे खरे आहे आणि इंदापूर-बारामतीच्या नकाशावर ती सीमा लागत नाही. तोड लांबण्याची भीती ऊस भरमसाट असेल त्या वर्षी खरी, दर वर्षी नव्हे. शिवाय हंगामाच्या सुरुवातीला उसाचा साखर उतारा कमीच असतो, तो वाढतो थंडी पडल्यावर. ज्या वर्षी अधिक महिन्यामुळे दिवाळी नोव्हेंबरात जाते, त्या वर्षी भाऊबीजेनंतर मोळी टाकली तर साखरेचे फारसे नुकसान होणार नाही. मंत्रिसमितीच्या बैठकीत उसाची उपलब्धता पाहिली जाते, पाऊस पाहिला जातो. तिथे टेबलावर एक पंचांगही ठेवायला हरकत नसावी.