इशारा : तीस दिवसांत मोबाइलचा हिशेब द्या

आम्ही रायपुरातले मोबाइल विकणारे, दुरुस्त करणारे आणि वापरणारे लोक आहोत. आमच्यात तात्यापाऱ्यातली मराठी घरे आहेत, तशीच छत्तीसगढी, सिंधी आणि ओडिया घरेही आहेत.

हेच निवेदन हिंदीतून शासनाकडे गेले आहे. मराठी वाचकांसाठी ते इथे देत आहोत.

हे आमचे शेवटचे निवेदन. यापुढे आम्ही विनंती करणार नाही.

विषय जुना आहे. 30 जुलै 2018 रोजी रायपुरात मोठा सोहळा झाला. अभिनेत्री कंगना रनौत मंचावर होत्या. मुख्यमंत्री डॉ. रमण सिंह यांच्या सरकारने संचार क्रांती योजनेचे वाटप सुरू केले. त्याला नाव दिले ‘मोबाइल तिहार’.

महिला आणि कॉलेजचे विद्यार्थी मिळून पन्नास लाखांच्या आसपास लाभार्थी. फोन मायक्रोमॅक्सचा, सिम जिओचे. खर्च हजार कोटींच्या वर.

पैसा जनतेचा होता.

कल्पना वाईट नव्हती. 2011च्या जनगणनेत या राज्यातल्या सुमारे सत्तर टक्के घरांत कोणताच फोन नव्हता. बस्तरच्या गावातल्या बाईला स्वतःचा फोन मिळणार असेल, तर त्याला कोण नाही म्हणेल?

आम्हीही नाही म्हटले नाही. सणासुदीच्या तोंडावर आमचा ग्राहक दुकानात न येता वाटपाच्या शिबिरात जाऊन उभा राहिला. आमचा हंगाम बुडाला. आम्ही गप्प राहिलो.

याची नोंद असू द्या.

6 ऑक्टोबर 2018 रोजी निवडणूक जाहीर झाली. आचारसंहिता लागली. वाटप थांबले. 11 डिसेंबरला निकाल आला. काँग्रेस 68, भाजप 15. 17 डिसेंबरला भूपेश बघेल यांनी शपथ घेतली.

योजना गुंडाळली गेली. फोन मात्र संपले नव्हते.

किती फोन खरेदी झाले? किती वाटले? किती उरले? कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या गोदामात? कंपनीला किती रक्कम दिली, किती रोखली? न वाटलेले फोन परत गेले की इथेच पडले?

प्रश्न साधे आहेत. जमाखर्चाची वही ठेवणारा कोणताही दुकानदार ते दुपारच्या जेवणाआधी सोडवील.

‘फोन जपून ठेवले आहेत’ असे उत्तर कोणी देणार असेल, तर आधीच सांगतो, ते चालणार नाही. लिथियमची बॅटरी चार्ज न करता ठेवली की आतल्या आत उतरत जाते. एका पातळीखाली गेली की चार्जरला लावूनही उठत नाही. काही फुगतात, मागचे झाकण वर येते, पडद्याची कड सुटते. जयस्तंभ चौकाजवळच्या रवी भवनात कोणत्याही कारागिराच्या टेबलावर हे पाहायला मिळेल. इतकी वर्षे गोदामात पडलेला फोन हा फोन राहत नाही.

आता फोनच्या कंपनीबद्दल.

ती आमची शत्रू नाही. उलट, हे सारे सर्वांत महागात पडले ते तिलाच.

2014च्या अखेरीस एका बाजार-अभ्यास संस्थेच्या मोजणीत मायक्रोमॅक्स भारतात सॅमसंगच्याही पुढे होती. ते स्थान ग्राहकाने दिले होते. दोन सिमचा फोन, टिकणारी बॅटरी, परवडणारी किंमत. आमच्याच काउंटरवरून ते फोन गेले. मग फोर-जी आले, चिनी कंपन्या आल्या, आणि ते स्थान गेले. धंद्यात असे होते.

2018च्या जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत हीच कंपनी अचानक देशात चौथ्या क्रमांकावर दिसली. अभ्यासकांनी कारणही लिहिले : छत्तीसगड सरकारची खरेदी.

एका राज्याच्या एका ऑर्डरने कंपनी वर गेली. 2019मध्ये ती देशातल्या पहिल्या पाचांत नव्हती.

जून 2020मध्ये गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी संघर्ष झाला. चिनी मालाविरुद्ध संताप उसळला. त्याच वर्षी नोव्हेंबरात कंपनी ‘इन’ या नावाने फोन घेऊन परतली. देशाभिमानाच्या भरवशावर आलेले ते पुनरागमनही टिकले नाही.

दोन्ही वेळा आधार राजकारणाचा होता. दोन्ही वेळा तो निघून गेला.

2018चा तो फोन घेऊन येणाऱ्या ग्राहकाने कंपनीचे नाव घेतलेले आम्ही क्वचितच ऐकले. ‘सरकारी मोबाइल’ एवढेच तो म्हणायचा. ज्या फोनला सरकारचे नाव लागले, त्याला सरकार बदलल्यावर कोणी धनी उरला नाही.

जी कंपनी उद्या या राज्यात असे कंत्राट घ्यायला येईल, तिने हे वाचावे.

हा एका पक्षाचा दोष नाही. राजस्थानात अशोक गहलोत यांच्या काँग्रेस सरकारने 10 ऑगस्ट 2023 रोजी, निवडणूक तोंडावर असताना, इंदिरा गांधी स्मार्टफोन योजना सुरू केली. तेही सरकार गेले. इथे रमण सिंह गेले, बघेल आले. डिसेंबर 2023मध्ये बघेल गेले, विष्णुदेव साय आले.

तीन सरकारे. फाइल एकच.

ज्यांनी योजना आणली त्यांनी हिशेब दिला नाही, कारण निवडणूक होती. ज्यांनी ती थांबवली त्यांनी दिला नाही, कारण ‘योजना आमची नव्हती’ म्हणाले. आता योजना आणणारा पक्ष पुन्हा सत्तेत आहे. आता सबब उरलेली नाही.

विश्वास एकाच ठिकाणी तुटलेला नाही. जानेवारी 2019मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल समोर आला. ‘चिप्स’ या राज्याच्या माहिती-तंत्रज्ञान संस्थेच्या ई-निविदा व्यवस्थेत 4,601 कोटींच्या 1,921 निविदांसाठी 74 संगणक असे निघाले, ज्यांवरून निविदा भरणारेही काम करत होते आणि सरकारी अधिकारीही. मोबाइलची खरेदी त्या निविदांत होती असे आम्ही म्हणत नाही. मोबाइल योजनेचे काम याच ‘चिप्स’कडे होते, इतके म्हणतो.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस दुसरी गोष्ट घडली. व्हॉट्सअॅपने कळवले की भारतातल्या काही लोकांच्या फोनवर इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे पेगासस हे हेरगिरीचे सॉफ्टवेअर सोडले गेले. त्यांत छत्तीसगडमधले वकील आणि कार्यकर्ते होते. या कंपनीचे लोक राज्यात येऊन पोलिसांना भेटले, असा आरोप झाला. बघेल सरकारने तीन सदस्यांची समिती नेमली. महिन्याभरात अहवाल द्यायचा होता.

तो अहवाल आम्हाला आजवर वाचायला मिळालेला नाही.

पेगाससच्याच प्रश्नावर पुढे सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीने 29 फोन तपासले. पाचांत घातक प्रणाली सापडली. ती पेगाससच होती असे ठामपणे सांगता आले नाही. केंद्र सरकारने सहकार्य केले नाही, हे 25 ऑगस्ट 2022 रोजी सरन्यायाधीशांनी भर न्यायालयात सांगितले.

आणि 28 नोव्हेंबर 2025. केंद्राच्या दूरसंचार विभागाने सगळ्या मोबाइल कंपन्यांना आदेश दिला. ‘संचार साथी’ हे अॅप प्रत्येक नव्या फोनमध्ये आधीच असले पाहिजे, आणि त्याची कामे बंद करता येता कामा नयेत. मुदत 90 दिवस.

चोरीचे फोन आणि बनावट आयएमईआय रोखण्याचा हेतू सांगितला गेला. हेतू चांगला आहे. चोरीच्या फोनचा त्रास आमच्याइतका कोणाला नाही.

तरी लोक बिथरले. ॲपल हा आदेश मानणार नाही अशा बातम्या आल्या. मंत्र्यांनी अॅप काढून टाकता येईल असा खुलासा केला. 3 डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली.

त्या आठवड्यात आमच्या काउंटरवर एक वयस्कर बाई नवा फोन हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी किंमत विचारली नाही, कॅमेरा विचारला नाही. फोन उलटा-सुलटा करून एकच विचारले, “एमा सरकार के कुछु डारे हे का?” यात सरकारने काही घातले आहे का?

2018मध्ये याच राज्यात बायका सरकारच्या हातून फोन घ्यायला उन्हात रांगा लावत होत्या.

असा विश्वास जाहिरातीने परत येत नाही. हिशेबाने येतो.

आम्ही पत्रे दिली. पोच घेतली. संबंधित विभागाने दुसऱ्या विभागाकडे बोट दाखवले, दुसऱ्याने पहिल्याकडे. आम्ही पुन्हा गेलो. साहेब बैठकीत होते. आम्ही पुन्हा गेलो. साहेबांची बदली झाली होती. आम्ही आवाज चढवला नाही, फाटक अडवले नाही, कोणाचे नाव वर्तमानपत्रात दिले नाही.

आमच्या सभ्यपणाचा कोणी कमकुवतपणा असा अर्थ लावला असेल, तर तो दुरुस्त करून घ्यावा.

मागणी अशी.

संचार क्रांती योजनेचा पूर्ण हिशेब तेव्हाच्या 27 जिल्ह्यांप्रमाणे जाहीर करा. खरेदी, वाटप, शिल्लक, दिलेले पैसे, अडवलेले पैसे आणि उरलेल्या फोनांची विल्हेवाट. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 4 प्रमाणे ही माहिती कोणी न मागताही जाहीर व्हायला हवी होती.

वैयक्तिक माहितीची सबब सांगू नका. नोव्हेंबर 2025पासून कायद्यात ती सबब सोपी झाली आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. आम्ही एकाही महिलेचे नाव मागत नाही. संख्या मागतो.

2019च्या पेगासस समितीचा अहवाल प्रसिद्ध करा. करणार नसाल तर तसे लेखी द्या, कारणासह, सहीसह.

आणि लेखी हमी द्या, की या राज्यात यापुढे जनतेच्या पैशाने फोन वाटला गेला, तर त्यावर कोणत्याही नेत्याचे छायाचित्र नसेल, काढता न येणारे अॅप नसेल, आणि दुरुस्तीची जबाबदारी कोणाची हे वाटपाच्या दिवशीच छापलेले असेल. सरकार बदलले तरी ती जबाबदारी बदलणार नाही.

मुदत तीस दिवस. कायदा माहिती अधिकाऱ्याला तेवढेच देतो. आम्ही त्याहून एक दिवस जास्त देणार नाही.

एकतिसाव्या दिवशी काय होईल, तेही सांगून ठेवतो. नंतर कोणी ‘आधी कळवले नाही’ म्हणू नये.

प्रत्येक जिल्ह्यातून स्वतंत्र अर्ज जाईल. अर्ज तयार आहेत. उत्तर आले नाही तर पहिले अपील, मग राज्य माहिती आयोगाकडे दुसरे. विनाकारण उशिराचा दंड दिवसाला 250 रुपये, कमाल 25,000. तो अधिकाऱ्यावर व्यक्तिशः बसतो. शासन तो भरत नाही. ज्या अधिकाऱ्यांच्या टेबलावरून ही फाइल पुढे सरकत नाही, त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

तिथेही भागले नाही तर बिलासपूरचे उच्च न्यायालय. कागद वकिलांकडे दिलेले आहेत.

तूताच्या धरणे आंदोलनाच्या जागी आमची माणसे बसतील. रवी भवनाची शटरे त्या दिवशी खाली असतील. घोषणा नसतील. फलकावर फक्त प्रश्न असतील, आणि रोज तेच असतील.

दुकानांचा निर्णयही झाला आहे. हिशेब मिळेपर्यंत सरकारी वाटपाच्या कोणत्याही नव्या फोनची जोडणी, सिम सुरू करणे, दुरुस्ती, यातले काहीही आमच्या काउंटरवर होणार नाही. शिबिरासाठी माणूस मिळणार नाही. टेबलही मिळणार नाही. ज्यांच्याकडे 2018चे फोन आहेत, त्यांची दुरुस्ती मात्र चालूच राहील. त्यांचा यात दोष नाही.

2028मध्ये विधानसभेची निवडणूक आहे. 90 मतदारसंघ. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, कोणत्याही पक्षाच्या, दारात एकच प्रश्न विचारला जाईल : मोबाइलचा हिशेब कुठे आहे?

चर्चेला आम्ही तयार आहोत. कागद घेऊन या. कागदाशिवाय बैठक होणार नाही.

आता वाचकांना एक सांगणे. तुमच्या किंवा शेजारच्या घरी 2018च्या त्या फोनचा खोका अजून असेल, तर तो रद्दीत देऊ नका. पंधरा आकडी आयएमईआय क्रमांकाची चिठ्ठी त्याच्यावर चिकटवलेली असते. तिची झेरॉक्स काढा, मागे फक्त जिल्हा आणि वाटपाचा महिना लिहा, आणि रवी भवनातल्या आमच्या कोणत्याही दुकानात आणून द्या. मूळ खोका स्वतःजवळच ठेवा. शासनाने दिलेल्या आकड्यांची पडताळणी आम्ही याच चिठ्ठ्यांवरून करणार आहोत.