भूकंपात ट्विटर बंद? कमाल आहे!

सोमवारी पहाटे तुर्कस्तानात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. आमच्या ऑनलाइन बुद्धिबळ ग्रुपमधला गाझिआन्तेपचा मित्र तेव्हापासून गप्प आहे. त्याला प्रत्यक्ष कोणी पाहिलेलं नाही, तरी सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय. तिथे ढिगाऱ्याखालून लोक ट्विटरवर पत्ते टाकत होते, त्यावरून काही जण बाहेरही निघाले. आणि काल, ८ फेब्रुवारीला, ट्विटरच आवळलं! म्हणे अफवा पसरतात. अहो, लोक सरकारवर चिडलेत, ते झोंबलं असणार. आपल्याकडेही खुट्ट झालं की नेट बंद, त्यामुळे आपण हसायला नको. किल्लारीच्या वेळी, १९९३ मध्ये, हाताशी मोबाईलच नव्हते. आता असून बंद पाडायचे? तिकडे कोणी ओळखीचं असेल तर सारखे फोन लावू नका, लाइन तुंबते. मेसेज टाकून ठेवा. आम्हीही तेच केलंय. अजून एकच टिक आहे.