पेटी अकोल्यात, ढोलकी अमरावतीत

मागच्या महिन्यात रविवारची वंदना आटोपल्यावर आमच्या विहारात एक जुनाच विषय निघाला. वस्तीची गायन पार्टी पुन्हा उभी करायची काय? ही पार्टी १९९६ साली फुटली. कारण सांगायला लाज वाटते. जयंतीच्या एका कार्यक्रमाची बिदागी आली आणि तिच्या वाटणीवरून दोघा प्रमुखांत बिनसले. पेटीवाले मामाजी पेटी आणि गाण्यांच्या वह्या घेऊन अकोल्याला लेकाकडे गेले, ढोलकीवाले मामाजी इथेच अमरावतीत राहिले. त्यानंतर दोघे एकमेकांच्या घरच्या लग्नाला गेले, मयतीलाही गेले, पण एका सतरंजीवर बसले नाहीत. मुख्य गायक तर मधल्या काळात निवर्तले.

विषय निघताच एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, "गानाराच राह्यला नाई, त पार्टी कायची? त्याची जागा कोन घेईन?" बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला ते पटले नाही. मी तिथे 'शक्ती' नावाच्या एका वाद्यवृंदाची हकीकत सांगितली, तीच आज वाचकांपुढे ठेवतो.

नाव देवीचे वाटते म्हणून बिचकण्याचे कारण नाही. चहाच्या जाहिरातीतले तबलावादक झाकीर हुसेन आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. १९५१ साली मुंबईत जन्मलेला हा कलावंत पंचविशीतही पोचला नव्हता, तेव्हा जॉन मॅक्लॉफ्लिन या इंग्रज गिटारवादकाबरोबर त्याने हा संच उभा केला. व्हायोलिनवर एल. शंकर होते आणि घटमवर मद्रासचे विक्कू विनायकराम. घटम म्हणजे मातीचे मडकेच, पोटाशी धरून बोटांनी वाजवायचे. मॅक्लॉफ्लिन त्याआधी 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा'त विजेची गिटार दणदणाट करून वाजवीत. ते सोडून हा गोरा माणूस साधी लाकडी गिटार घेऊन जमिनीवर मांडी घालून बसला. त्या गिटारीला त्याने सात जादा तारा बसवून घेतल्या, सतारीच्या तरफांसारख्या. उत्तरेचा तबला, दक्षिणेचे मडके आणि विलायती गिटार! ताल मोजण्याची प्रत्येकाची रीत निराळी. तरी एकमेकांचे ऐकत ऐकत त्यांनी एक भाषा तयार केली.

(हे उच्चवर्णीयांचे संगीत, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. तबल्याची पुडी बकऱ्याच्या कातड्याची असते. ते कातडे कमावणारे हात कोणाचे, हे या समाजाला मी सांगावे असे नाही.)

१९७५ सालच्या जुलैत अमेरिकेतल्या एका कॉलेजात त्यांचा कार्यक्रम ध्वनिमुद्रित झाला, तीच त्यांची पहिली रेकॉर्ड. आणखी दोन निघाल्या, आणि १९७८ साली संच मोडला. जो तो आपापल्या वाटेने गेला. पुन्हा एकत्र यायला १९९७ साल उजाडले. म्हणजे एकोणीस वर्षे. पण व्हायोलिनवाले शंकर त्यात आले नाहीत. म्हणून काय कार्यक्रम अडला? त्यांच्याऐवजी हरिप्रसाद चौरसियांची बासरी आली आणि संचाला नाव दिले 'रिमेंबर शक्ती'. पुढे बासरीच्या ठिकाणी यू. श्रीनिवास या तरुणाचे मँडोलिन आले. विक्कूंच्या जागी त्यांचा मुलगा सेल्वागणेश बसला, बापाचे घटम आणि शिवाय स्वतःची खंजिरी घेऊन. डिसेंबर २००० मध्ये हा संच मुंबईत वाजला, त्याचे ध्वनिमुद्रण आजही ऐकायला मिळते. शंकर महादेवन त्यात गायले. मूळ संचात गायक नव्हताच!

२०१४ साली श्रीनिवास अवघ्या पंचेचाळीसाव्या वर्षी गेले. तेव्हाही वाटले असेल, आता संपले. पण २०२० साली पुन्हा 'शक्ती' याच नावाने जुळवाजुळव झाली, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन आले आणि २०२३ साली 'धिस मोमेंट' निघाला. माझी हिशेबाची खोड जात नाही. १९७७ सालच्या तिसऱ्या रेकॉर्डनंतर स्टुडिओत केलेली त्यांची ही पहिली, सेहेचाळीस वर्षांनी. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकीरभाई गेले. आणखी वर्षभर 'बघू, करू' म्हणत बसले असते, तर काय हाती लागले असते?

ही हकीकत ऐकून विहारात थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग एक जण म्हणाला, "ते मोठे लोकं हायेत भाऊ, आपलं कुठं तसं." मला हे बोलणे आवडले नाही. प्रयोग आपल्यालाही नवा नाही. भीमराव कर्डकांच्या जलशाने १९३०च्या दशकात तमाशाचा ओळखीचा बाज उचलला आणि त्यात बाबासाहेबांचा विचार भरला, हा प्रयोगच होता. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) आयुष्यभर गावोगाव गात हिंडले. विठ्ठल उमप २०१० साली नागपुरात मंचावरच कोसळले आणि गेले. आज १४ एप्रिलला अमरावतीच्या इर्विन चौकात किंवा अकोल्याच्या अशोक वाटिकेजवळ उभे राहा, डीजेच्या भिंतीपुढे गाण्याचा शब्द कानी पडत नाही. पोरांनी नाचू नये असे माझे म्हणणे नाही. पण आमच्या पार्टीने स्वतः रचलेली गाणी अकोल्यातल्या एका पत्र्याच्या पेटीत, त्या वह्यांत पडून आहेत. त्यांच्या चाली लिहिलेल्या नाहीत. त्या दोन म्हाताऱ्यांच्या डोक्यात आहेत.

तेवढ्यात मागून आवाज आला, "काकाजी, मले बाबाची सारी गानी पाठ हायेत." दिवंगत गायकांची लेक, अंगणवाडी सेविका आहे. लहानपणी तालमीच्या वेळी ती बापाच्या मांडीवर झोपायची. ज्येष्ठ उपासक कुरकुरले, "पोरीचा आवाज ढोलकीत बसन काय?" तिने उत्तर दिले नाही, बसल्या जागी एक गाणे सुरू केले. दुसऱ्या कडव्याला ढोलकीवाले मामाजी गुडघ्यावर ठेका धरून होते.

पेटीवाल्या मामाजींना मी अकोल्याला जाऊन भेटलो. पेटीचा भाता फाटला आहे, तो तिथेच दुरुस्तीला टाकला. ते अमरावतीला यायला तयार नाहीत, हे अकोल्याला जायला तयार नाहीत. शेवटी मूर्तिजापुरात एका नातेवाइकाच्या घरी तालीम ठरली, दोघांच्या मधोमध. वह्या मात्र देईन असे पेटीवाले मामाजी अजून म्हणालेले नाहीत. "पोरीले आधी आनजो," एवढेच बोलले. येत्या रविवारी सकाळच्या एस.टी.ने आम्ही निघतो आहोत.